चिंतामणरावांची बेरीज

सन १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचे आकडे ज्याने एकदा निवांतपणे वाचले, त्याला, निदान तो मराठी असल्यास, सुखाची झोप लागणे कठीण आहे. वराहगिरी वेंकट गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि आमच्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. विजयास हवी होती ४,१८,१६९. आता काँग्रेसमधल्या इंदिराविरोधी सिंडिकेट गटाच्या मुत्सद्द्यांनी बंगळूरच्या मसलतीत रेड्डींचे घोडे पुढे दामटण्याऐवजी आपले सारे वजन देशमुखांच्याच पारड्यात टाकले असते, तर बेरीज ४,२६,३१७ भरते आणि महाडजवळच्या नाते गावचा सुपुत्र सरळ राष्ट्रपती भवनात पोहोचतो!

प्रत्यक्षात ते तिसरे आले आणि त्यांच्या मतपत्रिकांवर दुसरे नाव कोणाचे, एवढीच चौकशी तेथे झाली.

मौज अशी की, पंतप्रधान इंदिरा गांधींनी केलेल्या १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने संतप्त झालेल्या स्वतंत्र पक्षाने आणि त्याच्या जोडीला जनसंघाने ज्यांना उभे केले, ते गृहस्थ गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली होती आणि अर्थमंत्री असताना त्यांनी स्वहस्ते आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले होते. विस्तवाला कंटाळून निखाऱ्याला ओटीत घ्यावे, तसा हा प्रकार. उलट तेच सिंडिकेटचे उमेदवार असते, तर इंदिराबाईंना, विमा आपल्या आधीच ताब्यात घेणाऱ्या या माणसाविरुद्ध 'अंतरात्म्याचा आवाज' ऐका, असे काँग्रेसच्या आमदार-खासदारांना सांगताना आवाजाला कोणता विषय द्यावा याची पंचाईत पडली असती. बंगळूरला रेड्डींच्या बाजूने मत देऊन पुढे दिल्लीत इंदिराबाईंच्या छावणीत स्थिरावलेल्या यशवंतराव चव्हाणांची अवस्था तर अधिकच नाजूक झाली असती. कारण १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद यशवंतरावांनी स्वीकारले. दोन अंतरात्मे बाळगण्याची सोय आमच्या घटनेत नाही.

परंतु बेरीज कागदावर जितकी सोज्ज्वळ दिसते तितकी दरबारात नसते. सिंडिकेटला सह्या करणारा राष्ट्रपती हवा होता, इंदिराबाईंनाही तसाच हवा होता. एवढ्या एका बाबतीत काँग्रेसच्या दोन्ही तटांचे पूर्ण मतैक्य होते. मेघदूताचा मराठीत अनुवाद करणारा, केंब्रिजात वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवलेला आणि राजीनामा देण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेला राष्ट्रपती म्हणजे उभयतांच्या डोक्याला ताप. आलेल्या वटहुकुमावर सही करण्याआधी हा गृहस्थ तो वाचून काढणार, समासात सुवाच्य अक्षरांत शेरे मारणार, व्याकरण दुरुस्त करून कागद परत पाठविणार, आणि हे आटोपल्यावर मोगल उद्यानात जाऊन माळ्याला प्रत्येक झुडपाचे शास्त्रीय नाव विचारणार. माळी बिचारा महिन्याभरात बदलीचा अर्ज करता, आणि त्या अर्जावरही शेरा असता: 'कारण अपुरे.'