पणजोबांना आले सुगीचे दिवस

इतकी वर्षं पितृपंधरवड्यात कावळ्याच्या भरवशावर सोडलेले पणजोबा मानवतच्या मराठ्यांना आता नावानिशी हवे आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये आरक्षणासाठीच्या कुणबी दाखल्यांकरता न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि खापरपणजोबांना कापसापेक्षा बरा भाव आला. खासरा पत्रक, कोतवाल बुक, शाळेचं प्रवेश रजिस्टर. म्हातारा सापडेल तिथून उचलायचा. अडचण एकच : कागद मोडीत नाहीतर उर्दूत आणि पणतू इंग्रजी माध्यमात. त्यामुळं मोडी वाचणाऱ्याला जावयाचा मान मिळू लागला. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा शासन निर्णय निघाला, तेव्हा तर बांधावरून बोलणं टाकलेल्या चुलत्याची तब्येतही आस्थेनं विचारली गेली; नोंद त्याच्या शाखेत निघाली तर?

एवढ्या धांडोळ्यात पणजीला मात्र कुणी शोधलं नाही. दाखल्याला बापाकडचंच रक्त चालतं. म्हणून शपथपत्रावरच्या वंशावळीत बाप मुलाला आणि मुलगा नातवाला जन्म देतो. चार पिढ्या झाल्या, घरात एकही बाई नाही.