गाडी पहावी उघडून

स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणारा माणूस इंदुरातून नाहीसा झाला, अशी आवई कोणी उठवत असेल तर त्यानं थंडीतल्या रात्री अकराला सराफ्यात यावं. सराफांच्या पेढ्यांची शटरं खाली आलेली, ओट्यांपुढे कढया चढलेल्या, आणि तळलेल्या गराडूचा द्रोण हाती धरून निदान चार इंजिनं खोलून ठेवलेली. गाड्या अर्थातच तिथं नसतात; त्या राजवाड्याच्या आसपास कुठंतरी कोंबलेल्या असतात. पूर्वी हातानं व्हायची ती दुरुस्ती आता तोंडानं होते, आणि सराफ्यात तोंड तसंही चालूच असतं.

‘भिया, चेक इंजिनचा दिवा लागलाय.’

‘बॅटरीचं टर्मिनल काढून ठेव. सकाळी दिवा गुल!’

दिवा बरेचदा गुल होतोही. बिघाड मात्र जागच्या जागी असतो, म्हणून दोन दिवसांनी दिवा परत येतो. दुसरे तज्ज्ञ त्याहून पुढारलेले. त्यांच्याकडे स्टीअरिंगखालच्या सॉकेटात खोचायचं ब्लूटूथ यंत्र असतं. मोबाइलवर ‘पी ०४२०’ असा कोड उमटतो. म्हणजे धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर नीट काम करत नाही, अशी गाडीची तक्रार. पण कन्व्हर्टरच गेलाय, की त्याच्यावर पहारा ठेवणारा सेन्सर, की सायलेन्सरच्या पाइपाला चीर पडलीय, हे काही कोड सांगत नाही. तज्ज्ञ सांगतात. जीरावन मसाला भुरभुरवत, छातीठोकपणे सांगतात.

जुन्या मंडळींची ऐट वेगळी. प्रीमियर पद्मिनीवाल्या काकांना मेकॅनिक व्हायची हौस कधीच नव्हती. गाडीनं त्यांना मेकॅनिक केलं. मे महिन्यात मानपूरच्या घाटात गाडी रुसली की बॉनेट उघडायचं, इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि आत कोंडलेली वाफ निवेपर्यंत कुटुंबाला सृष्टिसौंदर्य दाखवायचं. रेडिएटर गळला तर हळद. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटवर पॉलिश पेपर, कार्ब्युरेटरच्या जेटात फुंकर. निम्मी अवजारं स्वयंपाकघरातली, निम्मी शेजाऱ्याची. आज हेच काका ‘तेव्हाच्या गाड्या म्हणजे गाड्या!’ असा उसासा टाकतात. काका, तेव्हाच्या गाड्या घाटात बंद पडायच्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा लोकांनी तिच्यावर उड्या टाकल्या, त्यातलं एक कारण तरी हेच, की तिचं बॉनेट सारखं उघडावं लागत नव्हतं.

आताची तऱ्हा अशी की उघडलं तरी उपयोग नाही. बॉनेट उचललं की काळं प्लास्टिकचं झाकण, त्याखाली तारा, आणि तारांखाली वॉरंटी जाण्याची धास्ती. कार्ब्युरेटर गेला तेव्हाच इंजिनाचा कारभार संगणकाकडे गेला होता; एप्रिल २०२० च्या बीएस-६ नं धूर कमी केला आणि पहारेकरी वाढवले. गाडीला हात न लावण्याची रीत तशी जुनी. इंदूरच्या महाराज यशवंतराव होळकरांसाठी १९३५ ची ड्यूसेनबर्ग गाडी खास बांधून घेतलेली होती. तिच्या तेलात महाराजांनी हात काळे केले असतील असं काही वाटत नाही. राजाचा थाट तो. आता हप्त्यानं गाडी घेणाऱ्याला तोच थाट सक्तीनं मिळतो.

स्पर्धा आयोगाला हा थाट पटला नव्हता. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यालाही मिळू द्या, आणि बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं बजावलं. कंपन्या दाद मागायला गेल्या, गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरला गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल काढलं. त्यात वाहनंही आहेत. म्हणजे दुरुस्तीचा हक्क हाती आला, पान्याचं तेवढं बघायचं राहिलंय.

सराफ्यात दिवसा सोनं आपल्यादेखत तोलतात, रात्री भुट्ट्याचा कीस आपल्यादेखत परततात. सर्व्हिस सेंटरात दहा लाखांची गाडी मात्र काचेपलीकडे जाते आणि आपल्या हाती कॉफीचा कागदी कप येतो.

तरी एक दार उघडं राहिलंय. बऱ्याच गाड्यांत डाव्या सीटपुढचा खण रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो. मागे एक झाकणपट्टी, तिच्याआड एसीचा फिल्टर. ओढला की कडुनिंबाच्या काड्या, धूळ आणि एखादा कधीच वारलेला किडा मांडीवर येतो. नवा फिल्टर त्यावरचा बाण बघून सरकवायचा, खण परत दाबायचा. पाना लागत नाही. बिलात मात्र याच कामाची मजुरी स्वतंत्र ओळ अडवून बसलेली असते आणि तिच्याखाली तिचं गणगोत: एसीचं निर्जंतुकीकरण, सीटचं शुद्धीकरण, गाडीच्या पोटाला लेप. सांगितलं कोणी? कोणीच नाही.

तेव्हा गाडीसोबत आलेलं मॅन्युअल खणात कुजवू नका, काउंटरवर न्या. त्यातल्या वेळापत्रकात जे नाही आणि आपण सांगितलं नाही, त्यावर सरळ काट मारा. आजच्या गाडीत मालकानं स्वतः करावी अशी सर्वांत मोठी दुरुस्ती बिलातलीच आहे. तिला अनुभव लागत नाही, हात काळे होत नाहीत, आणि अवजार काउंटरवरच दोरीला बांधून ठेवलेलं असतं.