तुझं किती?

माणसाला स्वतःच्या डोळ्यांविषयी जे माहीत असतं, ते बहुतेक बाहेरून आलेलं असतं: आरशातून, फोटोतून, किंवा कुणी प्रेमात पडून केलेल्या वर्णनातून. कवींनी डोळ्यांत तळी पाहिली, समुद्र पाहिले, श्रावणातलं अख्खं आभाळ पाहिलं. पण त्या तळ्यातल्या पाण्याला दाब किती आहे, अशी चौकशी कुणा कवीने केल्याचं ऐकिवात नाही. ती डॉक्टरांनी केली, आणि कवींच्या समुद्रापेक्षा डॉक्टरांचं पाणी जास्त नवलाचं निघालं. बुबुळाच्या मागेपुढे, भिंगाच्या अलीकडे जी इवलीशी पोकळी आहे तिच्यात ते असतं. सगळं मिळून मिलिलिटरचा जेमतेम चौथा हिस्सा. मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर अशा चालीने ते आत झिरपतं आणि त्याच चालीने कडेच्या बारीक जाळीतून निघून रक्ताला मिळतं. दीड-दोन तासांत जुनं पाणी गेलेलं असतं आणि नवं आलेलं. म्हणजे दुपारी डोळा लागण्यापूर्वी ज्या पाण्यातून आपण छताचा पंखा पाहिला, त्याच पाण्यातून चारचा चहा दिसत नाही. अश्रूंशी या पाण्याचा काही संबंध नाही. त्यांचा कारखाना वेगळा, त्यांची वाट वेगळी. त्यामुळे कितीही रडलं तरी आतला दाब उतरत नाही. हे एका डॉक्टरांनी मला अगदी सहज सांगितलं, आणि त्यानंतर दोन दिवस मी उगाचच हळवा होऊन हिंडत होतो.

दाब मुळात हवाच असतो. तो नसेल तर डोळा गोल राहायचा नाही, आणि डोळा गोल राहिला नाही तर समोरच्या वस्तूची प्रतिमा पडायची तिथे पडायची नाही. आपल्याला जग धड दिसतं ते आपण आतून थोडेसे ताणलेले असतो म्हणून. किती ताणलेले, ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. तोरिचेल्लीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीत हवेचा भार मोजला, त्या घराण्याची ही रीत. समुद्रकाठी हवेचा दाब ७६० मिलिमीटर भरतो. डोळ्यातला दाब त्याहून १० ते २१ मिलिमीटर जास्त असला की डॉक्टर समाधानाने मान हलवतात. डोक्यावरच्या अवघ्या आकाशाला तोंड द्यायला डोळ्याला एवढीशी शिल्लक पुरते. पण ती वाढली आणि वाढलेलीच राहिली, तर मागच्या नसेचे तंतू एकेक करून मरू लागतात आणि डोळ्याच्या धन्याला त्याचा पत्ताही नसतो. काचबिंदूचा नेहमीचा प्रकार दुखत नाही, खुपत नाही. तो कडेकडेने येतो. समोरचं सगळं लख्ख दिसत राहतं. बाजूचं दिसेनासं होतं, आणि दिसेनासं झालंय हेही दिसत नाही. गेलेली नजर मग कोणत्याही औषधाने परत येत नाही. तक्रार न करणाऱ्याची विचारपूस आपणच करावी लागते, तसं या दाबाचं आहे: तो होऊन काही सांगत नाही.

ही विचारपूस पहिल्यांदा बोटांनी झाली. पेशंटने खाली बघायचं आणि डॉक्टरांनी मिटल्या पापणीवर दोन तर्जन्या ठेवून आळीपाळीने हलकेच दाबायचं. लंडनच्या विल्यम बोमन यांनी १८६२ साली त्याला शिस्त लावली. डोळा किती कठीण लागतो त्याच्या पायऱ्या पाडल्या, त्यांना खुणा दिल्या. आपल्याकडे हीच परीक्षा प्रत्येक घरातली एक कर्तबगार बाई एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या अढीपाशी बसून करते, आणि तिचा निकाल कधी चुकत नाही. पण बोटांचं ज्ञान बोटांबरोबर जातं. ते कागदावर उतरत नाही. त्यात डोळा मोठा शिष्ट अवयव. परक्याचं बोट पापणीपर्यंत आलेलं तो चालवून घेईल, उघड्या अंगाला मात्र कुणी शिवलेलं त्याला खपत नाही. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं, तेव्हा कुठे त्याचा शिष्टपणा सैलावला. पुढच्याच वर्षी मॉस्कोत माक्लाकोव्ह यांनी सपाट तळाचं छोटं वजन घेतलं, तळाला शाई लावली आणि निजलेल्या माणसाच्या उघड्या डोळ्यावर ते क्षणभर टेकवलं. डोळा जेवढा चपटा झाला तेवढी शाई त्याने उचलून घेतली. मग तेच वजन कागदावर उमटवायचं आणि मधल्या पांढऱ्या ठिपक्याचा व्यास मोजायचा. ठिपका लहान तर दाब जास्त. सही न येणाऱ्या डोळ्याकडून घेतलेला हा अंगठाच. पुढे १९०५ साली नॉर्वेच्या शिऑट्झ यांचं उपकरण आलं. त्यातली बारीक दांडी डोळ्यात किती रुतते ते काटा दाखवायचा, आणि त्यावर जगाने कित्येक वर्षं काढली.

मग बर्नचे हान्स गोल्डमन आले, आणि १९५०च्या दशकात त्यांनी हे प्रकरण प्रकाशाच्या हवाली केलं. डोळा सपाट करायचा, पण किती? त्यांचं उत्तर होतं, ३.०६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळापुरता. या चमत्कारिक आकड्याआड एक जुना तंटा मिटलेला आहे. डोळ्याला काही टेकवलं की वरचं पारदर्शक पटल आपल्या ताठपणाने त्याला मागे ढकलतं. उलट त्यावरचा अश्रूंचा पातळ थर त्या वस्तूला आपल्याकडे ओढून घेतो. एक म्हणतो, चालू लागा. दुसरा म्हणतो, आलाच आहात तर बसा ना. तीन मिलिमीटरच्या आसपास दोघांचा जोर सारखा होतो, दोघेही गप्प बसतात, आणि आतल्या पाण्याचं म्हणणं ऐकू येतं. शिवाय बरोबर ३.०६ वर हिशेबही सोपा पडतो: एक ग्रॅम जोर म्हणजे पाऱ्याचे १० मिलिमीटर. राहता राहिला प्रश्न, एवढं वर्तुळ झालं हे ओळखायचं कसं? डोळ्यावर पट्टी धरून तर मोजता येत नाही. म्हणून अश्रूंत फ्लुओरेसिन नावाचा रंग मिसळतात आणि निळा उजेड सोडतात. त्या उजेडात अश्रूंचं कडं हिरवंगार चमकतं. टेकवलेल्या प्रिझममधून पाहिलं की त्या कड्याचे दोन अर्धे होऊन ते एकमेकांपासून सरकलेले दिसतात. डॉक्टर बाजूचं चाक फिरवत जोर वाढवतात. जोर कमी असेल तर अर्धवर्तुळं लांब लांब राहतात, जास्त झाला तर एकमेकांत घुसतात. ज्या क्षणी त्यांच्या आतल्या कडा नुसत्या टेकतात, तेव्हा चाकावर असेल तो आकडा खरा. दोन बिऱ्हाडांमध्ये किती अंतर असावं, याविषयी इतकं नेमकं उत्तर समाजशास्त्रालाही सापडलेलं नाही.

त्या निळ्या उजेडात पेशंटला दिसतं ते वेगळंच. हनुवटी कागदी पट्टी लावलेल्या खोबणीत, कपाळ पट्ट्याला टेकलेलं, आणि एक निळा चंद्र सरळ अंगावर चालून येतोय. पलीकडे हातभरही नाही अशा अंतरावर एक अनोळखी माणूस बसलेला; त्याच्या श्वासात मघाच्या चहाचं आलं. इतक्या जवळून आपल्याकडे आजवर मोजक्याच माणसांनी पाहिलेलं असतं आणि त्यांतल्या एकानेही ‘श्वास रोखू नका, कॉलर घट्ट नाही ना?’ असं विचारलेलं नसतं. कॉलरचा प्रश्न खरा आहे. टाय आवळून बांधला तर डोळ्यातला दाब चढू शकतो, असं न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना २००३ साली आढळलं. मुलाखतीला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर अंधारी का येते, याचं निदान अर्धं उत्तर मिळाल्यासारखं मला वाटलं. डॉक्टरांना त्या वेळी आणखी एक गोष्ट दिसत असते, ती ते बोलून दाखवत नाहीत. ती हिरवी अर्धवर्तुळं स्थिर नसतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती किंचित जवळ येतात, किंचित लांब जातात. डोळ्यांत मन दिसतं की नाही हा वादाचा मुद्दा असेल. नाडी मात्र दिसते.

शिवून घेणं ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी फुंकर आहे. अमेरिकेतल्या बर्नार्ड ग्रोलमन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे यंत्र आणलं. एका बाजूने डोळ्यावर प्रकाशाची तिरीप सोडलेली असते. दुसऱ्या बाजूला तिची वाट पाहणारा एक टिपक. गोल डोळ्यावरून उजेड इतस्ततः पांगतो. हवेच्या झोताने डोळा निमिषभर सपाट झाला की आरशासारखा सगळा उजेड थेट टिपकात जातो, आणि त्या क्षणी हवेचा जोर किती होता ते यंत्र टिपून ठेवतं. पापणी लवायच्या आत सगळं आटोपलेलं असतं. अलीकडच्या एका यंत्रातला कॅमेरा तर सेकंदाला चार हजारांवर चित्रं काढून डोळ्याचं आत जाणं आणि बाहेर येणं दाखवतो. तंत्रज्ञाचा मात्र त्या फुंकरीवर विश्वास आहे तेवढा पेशंटवर नाही. ‘काही होत नाही, फक्त हवा येईल,’ असं तो सांगतो, आणि त्याच्या तोंडून ‘फक्त’ ऐकल्याबरोबर समोरचा सहा फुटी मनुष्य डोळे गच्च मिटून घेतो. हवा येते, पापणीवर आपटते, आणि यंत्राच्या पडद्यावर आकड्याऐवजी काही रेघा उमटतात. माणसं वादळ सोसतात. फुंकर येणार म्हटलं की बिचकतात.

आमचे आप्पा बिचकले नाहीत. ते एस.टी.त कंट्रोलर होते आणि धूळ, धूर, प्रवाशांचे प्रश्न उघड्या डोळ्यांनी घ्यायची त्यांना सवय होती. पहिल्याच फुंकरीत २७ आला. मग निळा उजेड झाला, तिथेही २६. डॉक्टरांनी दिनक्रम विचारला. पहाटे उठून दहा मिनिटं शीर्षासन, हे आप्पांनी जरा मान ताठ करून सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे चेन्नईतल्या अभ्यासात २००६ सालीच दिसून आलं आहे. चाळीस वर्षं ज्या आसनाच्या जोरावर आप्पांनी आम्हा आळशांना टोमणे मारले, ते डॉक्टरांनी एका ओळीत बंद केलं. त्या बदल्यात रात्री नऊचा एक थेंब आला. पहिले काही दिवस तो गालावरून ओघळायचा. मग आई त्यांना खुर्चीत बसवून ‘वर बघा, वर’ म्हणू लागली, आणि आप्पा आढ्याकडे असे पाहू लागले की पाहणाऱ्याला हे देवाकडे काही मागताहेत असं वाटावं. या जातीच्या थेंबांनी पापण्यांचे केस लांब आणि काळेभोर होतात. अमेरिकेत २००८ साली यांतलं एक औषध नुसतं पापण्या वाढवण्यासाठी म्हणून मंजूर झालं. आप्पांना ते फुकटात मिळालं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या कोरड्या, हिशेबी चेहऱ्यावर जुन्या सिनेमातल्या नायिकेच्या पापण्या आल्या, आणि आई त्यांच्याशी बोलताना मधेच गप्प होऊन बघत राहू लागली.

आकड्यावर फार विसंबू नये, असं डॉक्टर सांगतात, आणि आप्पांच्या पिढीला तेच पटत नाही. दाब दिवसभर हलतो. बऱ्याच जणांचा सकाळी चढलेला असतो, आडवं झालं की वाढतो. पटल जाड असेल तर यंत्र त्याच्या ताठपणालाही दाब समजून आकडा फुगवून सांगतं. पातळ असेल तर खरा दाब लपून राहतो. कुणाचा १५ असूनही नस झिजते, कुणी २५ घेऊन जन्मभर धडधाकट असतो. म्हणून मागचा पडदा बघायचा, नजरेची कड तपासायची, पटलाची जाडी मोजायची, आणि सगळं एकत्र ठेवून मग बोलायचं. आप्पांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन वहीत लिहिलं: उजवा २६, डावा २४.

काचबिंदू सख्ख्या नात्यांत फिरतो, तेव्हा भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यावं, असंही डॉक्टर म्हणाले होते. आप्पांनी सगळ्यांना फोन केले. घरातल्या कुणाला ‘बरा आहेस ना?’ असं आप्पांनी विचारल्याचं मला आठवत नाही. लांबून आलेल्या मुलाला ते विचारायचे, ‘गाडी किती वाजता लागली?’ आणि वेळ ऐकून त्यांना मुलाचं सगळं कळायचं, निदान कळल्यासारखं दिसायचं. निवृत्तीनंतर गाड्याही गेल्या, आणि फोनवर बोलायला आमच्याकडे हवापाण्याखेरीज काही उरलं नाही. आता आहे. ‘तुझं किती?’ ते विचारतात. मी चौदा सांगतो. मग झोप किती होते, ऑफिसात कामाचा ताण आहे का, हे प्रश्न आकड्याला धरून आपोआप येतात. वैद्यकीयच असल्यामुळे विचारायला त्यांना संकोच वाटत नाही, आणि उत्तर द्यायला मला. ताईचं सोळा आलं तर तिला नोकरी सोडायची आहे हे त्यांना आमच्याआधी कळलं. वहीत आता सगळ्यांची नावं आहेत, समोर दोन दोन रकाने आहेत, आणि आप्पा रात्री थेंब घालून घेतला की चष्मा लावून ती वाचतात.

परवा त्यांनी फोनवर सांगितलं, ‘शेवटी धाकट्यानेही तपासून घेतलं. अठरा.’

‘अरे वा, काकांचं चांगलं आहे की,’ मी म्हटलं.

‘ते उजव्याचं,’ आप्पा म्हणाले. ‘डाव्याचं विचारलं की त्याची रेंज जाते. उद्या सकाळच्या गाडीने मीच जाऊन येतो.’