भाऊंचा गतिरोधक

गतिरोधकाला माप असते, ही बातमी महाराष्ट्रातल्या बऱ्याच वॉर्डांत अजून पोहोचायची आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने ते १९८८ मध्येच छापून ठेवले: रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटीमीटर, पाठ १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची, वरून जायचा वेग ताशी २५ किलोमीटर. शिवाय ४० मीटर आधी फलक आणि अंगावर काळे-पांढरे पट्टे. ज्या समितीच्या शिफारशींतून ही संस्था १९३४ मध्ये उभी राहिली, तिचे अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर; तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मापाचे घराणे इथलेच म्हणायचे. गल्लीने मात्र या घराण्याशी सोयरीक केलेली दिसत नाही.

गल्लीची पद्धत सुटसुटीत आहे. डांबरीकरण आटोपते, डंपरच्या तळाशी थोडा माल उरतो. तेवढ्यात नगरसेवक भाऊंचा माणूस येऊन बोट दाखवतो, ‘इथं एक टाका.’ चार घमेली पडतात, त्यावर फावड्याची पाठ फिरते. रोलर तोवर निघून गेलेला असतो. त्रिज्या दुसऱ्या दिवशी टँकरच्या चाकाखाली ठरते.

३.७ मीटर हा आकडा कुणा साहेबाच्या लहरीतून आलेला नाही. ब्रिटनच्या सरकारी रस्ते प्रयोगशाळेने १९७०च्या दशकात निरनिराळ्या आकारांचे उंचवटे गाड्यांखाली घालून पाहिले. अरुंद उंचवट्यावरून वेगाने गेले, की आत बसलेल्याला धक्का उलट कमी जाणवतो. टायर आणि स्प्रिंगा तो परस्पर गिळतात. १२ फूट रुंद, ४ इंच उंच गोलाईवर मात्र अख्खी गाडीच वर-खाली होते आणि वेग वाढेल तसा दणका वाढतो. त्या १२ फुटांचेच आपले ३.७ मीटर.

आता भाऊंचा गतिरोधक पाहा: रुंदी हातभर, उंची वीतभर. सांभाळून जाणाऱ्या रिक्षातल्या गरोदर बाईला पुढच्या चाकाचा एक आणि मागच्या चाकांचा एक, असे दोन्ही दणके पुरेपूर मिळतात. ज्याच्यासाठी ही उठाठेव, तो बुलेटवाला दादा सीटवरून जरासा उठतो आणि सुसाट निघून जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी, तीही महापालिकेच्या डांबरात.

कडेला पाण्यासाठी सोडलेल्या फटीतून दुचाक्या निसटू लागतात, म्हणून तिथे दगड येतो. मग पावसात अलीकडे तळे साचते, पाण्याने खडीवरचे डांबर सुटते, खड्डा पडतो. पुढे वेग आवरण्याचे काम तोच पाहतो.

राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढा, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये सांगितले. पण गावाजवळ अपघात झाला, की रास्ता रोको होतो. राग खरा असतो, मागणी ठरलेली असते: स्पीडब्रेकर. भुयारी मार्गाला सर्वेक्षण, मंजुरी, निविदा आणि दोन निवडणुका लागतात. डांबराच्या ढिगाला एक दुपार पुरते.

तेव्हा पुढच्या खेपेला डंपर दारात आला, तर नागरिकांनी भाऊंच्या हाती नारळाऐवजी मोजपट्टी द्यावी. ३.७ मीटर भरल्याशिवाय फोटो काढू देऊ नये.