सोयीचं शुल्क

सोलापूरकरांनी विमानासाठी काय कमी सोसलं? २०२३ मध्ये विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, मग २०२५ च्या जूनमध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचं आणि ऑक्टोबरात मुंबईचं विमान उडालं. आता उरलाय प्रश्न फक्त चादरींचा.

पुतणीच्या संसारासाठी चार चादरी, शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा गठ्ठा घेतल्याशिवाय आपल्याकडे कोणी गाव सोडत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या स्लीपरलाही ४० किलोंचा नियम आहे म्हणे. पण बाकाखाली ढकललेल्या गाठोड्याला वजन कोण विचारतो? विमानात मात्र हातातल्या बॅगेला साधारण ७ किलो, खाली टाकायच्या बॅगेला १५. पुढे प्रत्येक किलोला भाव, आणि काउंटरवरचा भाव चढा. म्हणून बॅग घरीच काट्यावर टाका आणि जादा वजनाचे पैसे आधी ऑनलाइन भरा.

तिकिटाचीही गंमतच. खिडकीला पैसे, पाय पसरायला पैसे, पोह्यांना पैसे. चेक-इन करताना सीट न निवडता पुढे गेलात, तर कंपनी उरलेली एखादी फुकट देते. पुढे जायचं ते बटण मात्र शोधावं लागतं. विम्याची खूण आपोआप झालेली असेल तर काढून टाका. एवढं सगळं आपणच करायचं, वर 'सोयीचं शुल्क', म्हणजे कन्व्हिनियन्स फी, तीही आपणच द्यायची. सोय नेमकी कोणाची, हे पावतीवर लिहीत नाहीत.

तेव्हा काका, चादरी पार्सलने पाठवा.