थंड इंजिनाची तहकीकात

कोणत्याही बिघाडावर अभिप्राय देण्यासाठी त्या विषयाचे ज्ञान असावे लागते, असा दंडक आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यात श्रीमंत गायकवाडांच्या राजवटीतही नव्हता आणि आजही नाही; सबब मंडपाचे बांबू वाहणारी माझ्या भाच्याची जुनी डिझेल मालमोटार पौषातल्या पहाटे सुरू होईनाशी झाली, तेव्हा ज्याच्या दोन पिढ्या हुजूर कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाल्या आणि ज्याने स्वतः सायकलच्या पंपापलीकडे कोणतेही यंत्र हाताळलेले नाही, अशा माझ्याकडे चौकशीचे काम येणे, म्हणजे मी ते ओढवून घेणे, क्रमप्राप्तच होते.

मफलर गुंडाळून मी जमलेल्या मंडळींना प्रथम इतिहास सांगितला. आपला रावपुऱ्याचा टॉवर 1896 सालचा. रुडॉल्फ डिझेल यांचे यंत्र ऑग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले ते 1897 साली. म्हणजे टॉवर यंत्राहून एका वर्षाने वडील, आणि वडीलधाऱ्यांच्या देखत अशी आगळीक शोभत नाही. मग तत्त्वविवेचन केले. या यंत्रात ठिणगी नसते; कोंडलेली हवा इतकी दाबायची की ती पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावी आणि तीत फवारलेल्या तेलाने आपण होऊन पेट घ्यावा; परंतु इंजिनाचे लोखंडच गारठलेले असेल, तर दाबातून निर्माण झालेली उष्णता ते लोखंडच गिळून बसते. तस्मात् दोष थंडीचा.

“मामा, दहा-बारा अंशांत डिझेल गोठत नाही,” भाचा म्हणाला.

गोठते असे मी म्हटलेलेच नव्हते. ‘प्रतिकूल परिणाम संभवतो’ असे म्हटले होते, आणि आमच्या घराण्याची सारी पुण्याई या दोन विधानांमधल्या अंतरात साठवलेली आहे.

इतरांचे अभिप्राय थोडक्यात असे: बॅटरी बसली, हीटर जळाले, गाडी विका. तिसरा अभिप्राय देणाऱ्या गृहस्थांची खिडकी धुराच्या नळीसमोर उघडते, हे येथे नमूद केले पाहिजे. अखेर नित्याप्रमाणे धक्का मारण्याचे ठरले.

धक्का मारताना मला नेहमी डभोईचे बैल आठवतात. खंडेराव महाराजांनी 1862 साली डभोईहून मियागामकडे अडीच फूट रुंदीची लोहमार्गाची वाट घातली, आणि तिच्यावरची गाडी ओढायला बैल जुंपले. कारण रूळ हलके, त्यांना इंजिनाचा भार पेलवेना, आणि भक्कम रूळ पडायला 1873 साल उजाडावे लागले. आगगाडी खरी, पण आग तेवढी नाही! स्टेशनात गाडी उभी आहे, उतारू खोळंबले आहेत आणि बैल शांतपणे रवंथ करीत आहेत, हे दृश्य मी मनोमन इतक्या वेळा पाहिले आहे की त्या बैलांच्या स्वभावावर मी स्वतंत्र निबंध लिहू शकेन. त्यांना ना हीटर, ना बॅटरी. वैरण घातली की निघाले, आणि न निघाल्यास शेपटी पिरगाळावी. प्रगतीच्या नावाखाली त्यांना जोखडातून सोडवले, आणि आज पहाटे त्यांच्या जागी आम्ही पेन्शनर जुंपलेलो आहोत.

धक्का वाया गेल्यावर मिस्त्री आला, तो इंजिनाकडे फिरकलाच नाही. मागे जाऊन धुराच्या नळीपाशी उकिडवा बसला आणि भाच्याला सेल्फ मारायला सांगितले. इंजिन जोमाने फिरले, म्हणजे बॅटरी निर्दोष. पांढरा धूर आला असता, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही, म्हणून हीटर, नॉझल, झिजलेल्या रिंगा यांची झडती घ्यावी लागली असती. येथे धूरच नव्हता. डिझेल पोहोचतच नव्हते. त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबला, तशी डिझेलऐवजी फेसाळ बुडबुड्यांची रांग बाहेर पडली. “काका, आ तो हवा ले छे,” तो म्हणाला. टाकीकडून येणाऱ्या नळीखालून त्याने कोरडे बोट फिरवले आणि एका सांध्यापाशी थांबवले. तेथे ओलसर धुळीचे बारीक कडे जमले होते. आत तांब्याचे वायसर चिरलेले. रात्रभर डिझेल हळूहळू टाकीत उतरायचे आणि नळीत हवा शिरायची. दुपारी तेवढी उसंतच मिळत नसल्याने गाडी निमूट सुरू व्हायची. रात्र आणि थंडी या समकालीन असतात, हा माझा मुद्दा मात्र अद्याप अबाधित आहे.

अभिप्राय देणाऱ्यांसाठी एव्हाना घराघरांतून खुर्च्या आल्या होत्या. मिस्त्री चहा पीत होता तो उभ्याने, कानतुटक्या कपातून. मला एकाएकी संताप आला. हातांना विद्या यावी आणि विद्येला हात फुटावेत, म्हणून सयाजीराव महाराजांनी याच शहरात 1890 साली कलाभवन काढले. दादासाहेब फाळक्यांसारखा माणूस तेथे शिकला. आणि शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावरही आमच्या गल्लीत बसण्याचा मान बोलणाऱ्याला आणि उभे राहणे करणाऱ्याला! त्याच्या नखांतले काळे तेल ही आमच्या लेखी अस्वच्छता, आणि माझ्या बोटावरचा शाईचा डाग ही कुलीनता.

मी माझी खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. “हात खराब छे, काका,” तो संकोचून म्हणाला, “तमे पंप मारो, हुं नट कसुं छुं.”

मी पंप मारला. बुडबुडे विरले, निखळ धार आली, त्याने स्क्रू आवळला, आणि दुसऱ्या सेल्फला इंजिन गल्लीतल्या सर्व काचा हालवीत धडधडू लागले. ‘मामांचा हात लागला आणि गाडी सुरू झाली,’ असे भाचा सध्या दांडिया बाजारापर्यंत सांगत असतो. या विधानात वस्तुस्थितीशी विसंगत असा एकही शब्द नसल्यामुळे त्यावर खुलासा सादर करण्याचे मला प्रयोजन दिसले नाही.