भाचेराव कॉनला जातात

आमचे भाचेराव एका कंपनीत ऑडिटचं काम करतात. म्हणजे दुसऱ्यांनी भरलेल्या रकान्यांतल्या चुका शोधून त्यांवर लाल पेनाने खुणा करतात. वय एकतीस, केस विरळ, पोट वाढतं, स्वभाव सरळ. डोंबिवलीत स्थळं सुचवणाऱ्या मंडळींच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘निर्व्यसनी’ असं लिहिलेलं आहे. वर्षातले दोन-तीन दिवस मात्र हा निर्व्यसनी मुलगा पाठीला पंख बांधतो, डोक्याला ससाण्याचं शिरस्त्राण चढवतो, हातात गदा घेतो आणि मुंबई कॉमिक कॉनला जातो. वहीवाल्यांना हे अजून कळलेलं नाही. त्यांची आई, म्हणजे आमची ताई, नवस बोलली आहे की लग्न ठरेपर्यंत कळू नये.

ही जमात बाहेरून ओळखू येत नाही. बँकेत, आयटीत, दाताच्या दवाखान्यात, कुठेही ती निमूट काम करत बसलेली असते. पारखायचं असेल तर तिच्यादेखत सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांना ‘ते सगळे एकच’ म्हणून बघावं. मी एकदा म्हटलं. भाचेरावांनी जेवणाचा घास ताटात ठेवला आणि अतिशय संयमाने म्हणाले, ‘‘मामा, एक डीसीचा, एक मार्व्हलचा.’’ हा स्वर मी आयुष्यात आणखी एकदाच ऐकला होता, देवगडच्या एका बागायतदाराच्या अंगणात बसून त्याच्या हापूसला रत्नागिरी म्हटलं तेव्हा.

भाचेरावांना स्वतःच्या आईबापांच्या लग्नाचा वाढदिवस लक्षात राहत नाही. पण १९३९ साली न्यूयॉर्कच्या विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातला पोशाख करून गेले होते आणि पुढच्या सगळ्या सोंगाढोंगाची सुरुवात तिथून झाली, हे ते झोपेतही सांगतील. सॅन डिएगोचं कॉमिक कॉन १९७० साली एका हॉटेलात तीनेकशे माणसांवर सुरू झालं आणि आता तिथे लाखाच्या वर माणसं जातात, हेही सांगतील. तिथल्या प्रवेशिका ऑनलाइन प्रतीक्षा-खोलीत ताटकळून नशीब असेल तर मिळतात. भाचेराव दरवर्षी रात्री जागून त्या खोलीत बसतात. व्हिसा नाही, पासपोर्टची मुदत संपलेली. ‘‘आधी बॅज मिळू दे, मग बाकीचं बघू,’’ म्हणतात.

आपल्याकडे कॉमिक कॉन इंडिया सुरू झालं २०११ साली, दिल्ली हाटमध्ये. मुंबईत ते आलं, काही वर्षं गोरेगावच्या नेस्कोत भरलं, मग बीकेसीत गेलं. ही माहिती भाचेरावांकडून मिळवलेली आहे, म्हणजे बरोबरच असणार. चुकीची माहिती देण्यापेक्षा ते पाणी प्यायचं सोडतील.

आता हॉकमन. एवढे लोकप्रिय नायक सोडून हा कुठून काढला? भाचेरावांचं उत्तर असं की बॅटमन होणं म्हणजे पुण्यात जाऊन जोशी होणं. कॉनला शे-दीडशे बॅटमन असतात, त्यांतले निम्मे भाड्याच्या दुकानातले. हॉकमन १९४० सालचा. गार्डनर फॉक्सने लिहिला, डेनिस नेव्हिलने काढला. २०२२ च्या ‘ब्लॅक अ‍ॅडम’ सिनेमात तो होता, पण भाचेरावांना सिनेमातला नको. त्यांना मूळचा पाहिजे. मूळच्याची पंचाईत ही की तो छाती उघडी ठेवून दोन आडवेतिडवे पट्टे बांधतो. डोंबिवलीच्या मुलाने तसं जायचं तर व्यायामशाळेची दोन वर्षं तरी हवीत, आणि ती हातात नव्हती. म्हणून त्वचेच्या रंगाचा बनियन मागवला. रंग आला तो कुठल्या तरी थंड देशातल्या त्वचेचा. मान आणि हात सावळे, छाती गुलाबी.

पंख मात्र खरोखर देखणे झाले. या मुलाने शाळेपासून चाळीच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर कापलेलं आहे. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा ताईला वाटलं, सुटलो. तीच कला घरात फोमच्या रूपाने परत आली. आतून पीव्हीसीचा सांगाडा, वर फोमची एकेक पिसं, ग्लू गनने चिकटवलेली. डावी पिसं वेगळी, उजवी वेगळी, कारण खऱ्या ससाण्याची तशी असतात. तीन महिने दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वडिलांच्या चहात एकदा पीस निघालं. ते काही बोलले नाहीत. ते गेली काही वर्षं कशावरच काही बोलत नाहीत.

घरात या प्रकाराचं मर्म एकाच व्यक्तीला कळलं होतं. भाचेरावांच्या आजीला. आजी कुडाळकडच्या. लहानपणापासून जत्रेत रात्रभर जागून दशावतार बघितलेल्या. ज्या नाटकात लिहिलेली संहिता नसते, रंगमंचावर एका बाकड्यापलीकडे सामान नसतं, नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो आणि पहाटेपर्यंत उत्स्फूर्त बोलून राजा, राक्षस, पतिव्रता सगळं उभं करतो, त्या नाटकाच्या प्रेक्षकाला तुम्ही पंखांनी चकित करू शकत नाही. रंगीत तालमीला आजींनी नातवाला आपादमस्तक न्याहाळलं.

‘‘ह्यां कसलां सोंग रे झिला? गरुड काय?’’

‘‘हॉकमन, आजी.’’

‘‘असांदे. पण मुकुट हलता. मुकुट हललो की राजाचो भिकारी झालो.’’

शिरस्त्राणात आतून फोमची पट्टी लागली, हलायचं थांबलं. डोळ्यांभोवती रंग लावायला घेतला तेव्हा पुन्हा आवाज आला, ‘‘तोंडाक आदी खोबरेल लाव, मगे रंग.’’ इंटरनेटवरच्या कुठल्याही व्हिडिओत हे सांगितलेलं नव्हतं. ताई आतून ओरडली की तुम्ही तरी त्याला नादी लावू नका. आजी म्हणाल्या की संकासुराचं काम करणाऱ्या माणसांचीसुद्धा लग्नं होतात.

कॉस्प्लेच्या जगात सोंग वठवणाऱ्याबरोबर एक हमाल लागतो. त्याला हँडलर असा भारदस्त हुद्दा आहे. पाण्याची बाटली, ग्लू गन, सेफ्टी पिना, मोबाइल आणि उरलेला स्वाभिमान त्याने सांभाळायचा. त्या वर्षी नेहमीचा मित्र मूळव्याधीने आडवा झाला आणि हा मान मला मिळाला.

डोंबिवलीहून कुर्ल्याला जाणाऱ्या लोकलमध्ये पंख घेऊन माणसाच्या डब्यात चढता येत नाही. गेलो लगेजच्या डब्यात. तिथे पाट्या घेऊन बसलेल्या मावशींनी जागा दिली, पण चौकशीही केली. एकीने गदा हातात घेऊन वजन बघितलं, हलकी निघाल्यावर तिचा विश्वास उडाला. ‘‘मारुतीला पंख कवा फुटले रं?’’ हॉकमन हा इजिप्तच्या राजपुत्राचा पुनर्जन्म कसा, ते भाचेरावांनी ठाण्यापासून मुलुंडपर्यंत तिला समजावून सांगितलं. पुनर्जन्म म्हटल्यावर तिला सगळं पटलं. भांडुपला उतरताना तिने पंखाला हात लावून नमस्कार केला. नायकाचा खरा चाहता त्या दिवशी तिथेच भेटला असं माझं मत आहे.

दारावरच्या तपासणीत रक्षकाने गदा बाजूला काढली. खरी शस्त्रं, धातूच्या वस्तू आत चालत नाहीत, हा नियम भाचेरावांना कलमांसह पाठ होता. त्यांनी ती परत मागितली, स्वतःच्या डोक्यावर जोरात हाणून दाखवली. रक्षक हसला. मागे रांगेतल्या एका जोकरने टाळ्या वाजवल्या.

आत शिरल्यावर पहिल्यांदा कान जातात. एकीकडे गेमिंगवाल्यांचा मंच. तिथे पोरं पडद्यावर गोळ्या झाडतात आणि हजारभर पोरं ती बघत ओरडतात. दहा मिनिटं नवा गेम खेळायला मिळावा म्हणून तासभर उभी राहणारी रांग वेगळी. रेशनच्या रांगेत पाच मिनिटांत पाय दुखतात अशी तक्रार करणारी हीच पिढी. मला त्या भागातलं काही कळलं नाही, म्हणून पुढे गेलो. दुसरीकडे बाहुल्यांचे स्टॉल. बाहुल्या म्हणायचं नाही, फिगर म्हणायचं. भाचेरावांनी डोकं मोठं आणि डोळे काळे असलेली एक घेतली. मी उघडायला गेलो तर हात धरला. खोकं उघडलं की किंमत जाते. यावर घरी ताईने एकदा विचारलं होतं, मग खेळायचं कधी? तेव्हा भाचेरावांनी उत्तरादाखल शोकेसमधल्या तिच्या लग्नातल्या डिनर सेटकडे नुसतं बोट दाखवलं होतं. तो विषय त्या घरात परत निघाला नाही.

मला रमायला झालं ते चित्रकारांच्या गल्लीत. लहान लहान टेबलं, मागे स्वतः चित्र काढणारी मुलंमुली, समोर स्वतःच छापलेली पुस्तकं आणि स्टिकर. अभिजीत किणींची ‘अँग्री मावशी’ नऊवारी नेसून भ्रष्टांना सडकते, तिची आजींसाठी एक प्रत घ्यायचा मोह झाला. या गल्लीत लोक बघतात पुष्कळ, घेतात कमी. भाचेराव मात्र इथे एकेका टेबलाशी थांबून, शाईबद्दल, कागदाबद्दल विचारून पैसे मोजतात. भाजीवालीकडे घासाघीस करणारा हा मुलगा इथे सुटे पैसेही परत घेत नाही. हा त्यांचा गुण मी वहीवाल्यांना सांगणार होतो, पण मग कुठे बघितलं हेही सांगावं लागलं असतं.

दुपारपर्यंत वाईट गोष्ट लक्षात आली. हॉकमनला कुणीच ओळखत नव्हतं. फोटो खूप निघाले. ‘गरुडा’, ‘बर्डमॅन’, ‘एंजल’, ‘भैया, विंग्ज कितने के?’ असं सगळं झालं. एका आईने मुलीला ‘बघ, परी’ म्हणून सांगितलं. भाचेराव प्रत्येकाला हसून नाव सांगत होते, पण पंख खाली उतरत चालले होते. त्यांना झोकात फिरणारे शंभर बॅटमन दिसत होते. भिंतीला टेकून एक स्पायडरमॅन मास्क नाकापर्यंत वर करून सामोसा खात होता, त्याच्यासुद्धा फोटोला गर्दी. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बॅटमनच होऊ. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याची बाटली पुढे केली.

चारच्या सुमाराला समोर एक गृहस्थ येऊन उभे राहिले. साठीचे असतील. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये घातलेली जुनी इंद्रजाल कॉमिक्स. १९६४ साली पहिला अंक निघाला आणि १९९० साली मालिका बंद पडली, त्या दोन सालांच्या मध्ये ज्यांचं बालपण गेलं त्यांच्यातले हे. वेताळावर वाढलेले. त्यांनी चष्मा वर करून पंख बघितले, शिरस्त्राण बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘‘कुठला? इजिप्तचा की थानागारचा?’’

भाचेरावांचा गळा दाटून आला. ‘‘इजिप्तचा. चाळीसचा.’’

‘‘मग गदेवरच का अडलास? तो मिळतील ती जुनी हत्यारं वापरायचा. गदा पुढे चिकटली त्याला. थानागार ग्रहावरचा पोलिस एकसष्ट साली आला, तो वेगळा.’’

मला वाटलं, झालं, सगळा दिवस असा आणि आता हा माणूस चूक काढतोय. पण भाचेरावांचे पंख वर आले. खरंच वर आले, मी मागेच होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या मुलाला त्याची चूक काढणारा माणूस भेटला होता. दोघं तिथेच जमिनीवर बसले. पंख आडवे पसरले, त्यामुळे येणारी-जाणारी माणसं वळसा घालून जाऊ लागली. जुनी हत्यारं, पंख कुठल्या धातूच्या जोरावर उडतात, कुठल्या अंकात चित्रकार बदलला, असा वाद तासभर चालला. मधे एकदा त्या गृहस्थांनी मला विचारलं, ‘‘तुम्ही कोण?’’ मी म्हटलं, ‘‘हँडलर.’’ त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा धातूकडे वळले.

दुसऱ्या दिवशी भाचेराव गदा घरी ठेवून, काठीला फोमचं पातं लावून भाला घेऊन गेले. रात्रभर जागून केला होता. त्या दिवशीही कुणी ओळखलं नाही, पण आता त्यांची हरकत नव्हती.

सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं की वीकेंडला काय केलं, तर ‘घरीच होतो, कपाट आवरलं’ असं सांगायचं ठरलेलं असतं. कानामागे राहिलेला रंग मात्र ते दोन दिवस धूत नाहीत.

पंख माळ्यावर गेले. पुढच्या गणपतीत ताईला मखराचं सुचेना, तेव्हा तिने न विचारता ते खाली काढले आणि मूर्तीच्या दोन्ही बाजूंना लावून टाकले. शोभा अशी आली की शेजारचे काका म्हणाले, वा, यंदा पर्यावरणपूरक! फोमबद्दल कुणी तोंड उघडलं नाही. भाचेराव ऑफिसातून आले, हातपाय धुऊन आरतीला उभे राहिले आणि टाळ्या वाजवता वाजवता मधेच थांबले. डोळे मूर्तीवर नव्हते. मंत्रपुष्पांजली सुरू झाली तसे ते हळूच पुढे सरकले, हातातली फुलं माझ्या ओंजळीत दिली आणि डावीकडचा पंख काढू लागले.

‘‘अरे, काय करतोयस?’’ ताई दबक्या आवाजात ओरडली.

‘‘आई, डावा उजवीकडे लावलायस.’’